खाण कुणाची? घाम कुणाचा?

गिरणी कामगार बंधूंनो,

दोडामार्ग ओलांडला की गोव्यातली डिचोली. हा गाव वर्षानुवर्षे खाणीकडे डोळे लावून बसला. २०१२ साली खाणी थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या, तोच २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण बेकायदा ठरवून रद्द केले. चूक वरच्यांची, सजा कुणाला? कर्ज काढून ट्रक घेणाऱ्याला, बार्जवरच्या खलाशाला, गॅरेजवाल्याला नि चहावाल्याला!

२०२२ मध्ये लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीत पुन्हा खोदकाम सुरू झालं. लोक आनंदले. का आनंदू नये? पोटाला भाकरी लागतेच. पण १९८२ च्या संपानंतर आपलं काय झालं, तेही त्यांच्या कानावर घाला. भोंगे बंद पडले, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर चढले, आणि आपला गडी घराच्या सोडतीची वाट बघत म्हातारा झाला.

म्हणून आमचं रोखठोक म्हणणं : आधी कागद, मग कुदळ! कायम नोकरी, बंद काळातली भरपाई, शेता-विहिरींची हमी, सारं करारात लिहून घ्या. मालक बदलतो, सरकार बदलतं, खनिजही संपतं. लिहून घेतलेला हक्क मात्र भांडायला हातात उरतो!