अंदाजावर भरवसा किती, हेही सांगा

इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अधिकृत फॅन्टसी फुटबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात, एक कोटीहून अधिक लोक आपापले संघ उतरवतात, तेही फुकट. १० कोटी पौंडांची काल्पनिक थैली, १५ खेळाडू, एका क्लबचे फार तर तीन, अशा मोजक्या अटी. या खेळाभोवती हौशी प्रोग्रॅमरांनी संघ निवडायला मदत करणाऱ्या साधनांचा मोठा पसारा उभा केला आहे. आकडेवारी शिकण्याची इतकी खुली शाळा क्वचितच मिळते, म्हणून त्याचे स्वागतच आहे. पण ही साधने खेळणाऱ्याला काय सांगायचे टाळतात, तेही पाहिले पाहिजे.

संघनिवडीचे गणित वाटते तितके अवघड नाही. खेळाडू घेतला तर १, नाही तर ०, असे मांडायचे, किंमत, क्लब आणि जागांच्या अटी घालायच्या आणि गुणांची बेरीज जास्तीत जास्त करायला संगणकाला सांगायचे. मोफत मिळणारे सॉल्व्हर, म्हणजे अशी गणिते सोडवणारे प्रोग्रॅम, हे उत्तर झटपट काढतात. खरी मेहनत त्याआधीची, म्हणजे प्रत्येक खेळाडू किती गुण मिळवेल याच्या अंदाजाची. तिथे फसगत होते ती बहुतेकदा मिनिटांच्या हिशेबात. ६० मिनिटे खेळला तर दोन गुण, कमी खेळला तर एक. संघाने गोल खाल्ला नाही म्हणून बचावपटूला मिळणारे चार गुणही ६० मिनिटे मैदानात राहिला तरच. बुधवारी युरोपातला सामना खेळून आलेल्याला शनिवारी विश्रांती मिळणार का, हे प्रशिक्षकाच्या मनात असते, तक्त्यात नाही.

समजा, साधनाने एका खेळाडूपुढे ६.२ आणि दुसऱ्यापुढे ६.१ लिहिले. कर्णधाराचे गुण दुप्पट होतात, म्हणून खेळणारा डोळे झाकून पहिल्याला कर्णधार करतो. वास्तविक त्या आठवड्यात दोघांपैकी कुणीही दोन गुणांवर अडकेल किंवा पंधरापर्यंत जाईल. ०.१ च्या फरकाला काही अर्थ नाही, आणि हे साधन बनवणाऱ्याला पुरते ठाऊक असते. मग त्याने एकच आकडा न देता कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला द्यावा, खेळाडू मैदानात उतरण्याची शक्यता वेगळी दाखवावी आणि मागच्या मोसमातले आपले अंदाज कुठे चुकले तेही मांडावे.

पैसे लागले की हीच उणीव गंभीर होते. अमेरिकेत २०१५च्या बेसबॉल मोसमाच्या पूर्वार्धात पैशांच्या फॅन्टसी स्पर्धांत १.३ टक्के खेळणाऱ्यांनी ९१ टक्के नफा नेल्याचे मॅकिन्सीच्या सल्लागारांनी दाखवले होते. एकाच वेळी शेकडो संघ लावणाऱ्या प्रोग्रॅमपुढे नवखा टिकणार कसा? मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये अशा अनधिकृत स्क्रिप्टवर, म्हणजे खेळणाऱ्याची कामे आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमवर, बंदी घातली, ती रास्तच होती. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि मुंबईच्या ड्रीम११ या फॅन्टसी खेळाच्या कंपनीने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या.

फुकट खेळाला मात्र मोकळे रान आहे. क्रिकेटची चेंडूगणिक आकडेवारी क्रिकशीट या संकेतस्थळावर कुणालाही मोफत मिळते. पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्यांनी ती घेऊन साधने जरूर बनवावीत. फक्त पैसे लावण्याची वाट त्यात ठेवू नये, आणि प्रत्येक अंदाजाशेजारी त्याच्या चुकीचा हिशेब द्यावा.