पायाच्या बोटावरची गाठ : घरची सुई नको



मोंढ्यात दिवसभर पोती वाहून घरी आलेला बाप चप्पल काढतो. बोटावर, नखाच्या मुळाशी, हरभऱ्याएवढी गाठ आलेली असते. चपलेचा पट्टा घासला की ती ठणकते. मग घरातून सल्ले सुरू होतात. कोणी बिब्बा घालायला सांगते, कोणी चुना लावायला, तर कोणी सुई तापवून गाठ फोडायला. गाठ साधीच असते, पण असे घरगुती उपाय महागात पडतात. म्हणून आज आम्ही या गाठीविषयी लिहीत आहोत.

बोटाच्या शेवटच्या सांध्याजवळ येणाऱ्या या चकचकीत गाठीला डॉक्टर म्यूकस सिस्ट म्हणतात. तिच्यात पू नसतो, जेलीसारखा घट्ट व स्वच्छ द्रव असतो. वयामुळे सांधा झिजला की हाडाच्या कडेला टोकदार वाढ येते आणि सांध्यातले वंगण झिरपून कातडीखाली साठते. म्हणजे गाठ वर दिसते, पण तिचे मूळ बहुधा सांध्यात असते. हा कर्करोग नव्हे. तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. नखाच्या मुळावर दाब आला तर नखावर उभी खाच पडते, एवढेच.

घरची सुई टोचली की जंतूंना थेट सांध्यापर्यंत वाट मिळते आणि सांधा पिकू शकतो. बिब्ब्याने आधीच पातळ झालेली कातडी भाजते. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांची जखम लवकर भरत नाही. अशा वेळी बोट गमावण्याचीही पाळी येते.

मग उपाय कोणते?

पहिला उपाय म्हणजे थांबणे. गाठ दुखत नसेल, वाढत नसेल, तर पुढे मोकळी जागा असलेली चप्पल वापरावी व लक्ष ठेवावे. काही गाठी आपोआप जिरतात.

दुसरा, दवाखान्यात निर्जंतुक सुईने द्रव काढणे, औषधाचे इंजेक्शन देणे किंवा गाठ गोठवणे. त्रास कमी होतो, पण गाठ पुन्हा भरण्याची शक्यता बरीच असते.

तिसरा, शस्त्रक्रिया. आधी एक्स-रे काढतात. तेवढेच बोट बधिर करून गाठ, तिचा सांध्याकडे जाणारा देठ आणि हाडाची टोकदार वाढ काढतात. कातडी फार पातळ असेल तर शेजारची कातडी सरकवून जखम झाकतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. गाठ परतण्याची शक्यता यात सर्वांत कमी, तरी ती राहतेच. बोट ताठरणे किंवा नख वेडेवाकडे येणे हेही घडू शकते. सांधा अगदीच झिजून गाठ वारंवार येत असेल, तर सांधा जखडून टाकणे हा शेवटचा उपाय.

हातावर पोट असणाऱ्यांनी किती दिवस ओझे उचलता येणार नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी हंगामाच्या पुरेसे आधी हे काम उरकावे. काढलेली गाठ तपासणीला पाठवणार का, हेही विचारावे. गाठ काळी असेल, रक्त येत असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा लाल होऊन ताप आला असेल, तर एक दिवसही दवडू नये.

नांदेडला विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत अस्थिरोग किंवा शस्त्रक्रिया विभागात दाखवावे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होते. तीच पुढे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. खाजगी दवाखान्यात पैसे भरण्यापूर्वी तो या योजनेत आहे का, हे पाहावे. असल्यास आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, ते तेथील आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड सोबत न्यावे.

आपले वडीलधारे दुखणे अंगावर काढतात, सांगत नाहीत. आज रात्री त्यांचे पाय धुऊन, उजेडात बोटे नीट पाहा.