पिल्लू दिसते, आई दिसत नाही

वाढदिवसाची भेट म्हणून घरात कुत्र्याचे पिल्लू आणण्याची हौस आता मध्यमवर्गीय वस्त्यांतही चांगलीच रुजली आहे. पिल्लू कोणत्या जातीचे, केवढ्याला पडले, याची चर्चा शेजारीपाजारी कौतुकाने होते. त्याची आई कोठे आहे आणि कशी आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः या व्यापारातील क्रूरता याच न विचारलेल्या प्रश्नाच्या आडोशाने नांदत असते.

अमेरिकेत ज्यांना ‘पपी मिल’ म्हणतात, त्या पिल्लांच्या कारखान्यांना फारसे भांडवल लागत नाही. पत्र्याची एखादी खोली, काही पिंजरे आणि चार-सहा माद्या एवढ्यावर धंदा उभा राहतो. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. दर खेपेस तिला नर दाखविला, की वर्षाला दोन वेते पदरात पडतात. पहिल्या वेताची झीज भरून निघण्यापूर्वीच दुसरे पोटात असते. काही वर्षांत शरीर खंगते, पिल्लांची संख्या घटते आणि मग तिला खाऊ घालणे मालकाच्या हिशेबात बसत नाही.

हाच हिशेब पिल्लांनाही लागू होतो. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न खाऊ लागते, म्हणजेच विकणाऱ्याचा खर्च तेथून वाढू लागतो. पुढचे चार आठवडे पिल्लाला आईजवळ आणि भावंडांत राहणे अत्यंत आवश्यक असते, कारण किती जोराने चावावे आणि केव्हा थांबावे हे ते तेथेच शिकते. विकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हेच आठवडे सर्वांत महाग. साहजिकच महिन्या-सव्वा महिन्याचे पिल्लू ‘दोन महिन्यांचे’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवले जाते. पार्व्हो या रोगाची लागण झाल्यावरही लक्षणे दिसण्यास काही दिवस जातात. विकत घेताना टुणटुणीत दिसलेले पिल्लू आठवडाभरात रक्ताची हगवण लागून दगावते, तेव्हा घरची मुले रडतात आणि विक्रेता हवापाण्यातील बदलाकडे बोट दाखवून मोकळा होतो.

जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला होता. या विषयातील कार्यासाठी त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मालाचा खरा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा चांगल्या मालालाही पुरती किंमत देण्यास कचरतो. मग चांगला माल विकणारेच बाजारातून हटू लागतात. पिल्लांच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. मादीला विश्रांती देणारा, पिल्ले आठ आठवडे सांभाळणारा प्रजनक अर्थातच अधिक किंमत सांगतो. पिंजऱ्यातले पिल्लू दिसावयास तसेच आणि निम्म्या किमतीचे. वंशावळीचे कागदही येथे फारसे कामास येत नाहीत. ते कुळी सांगतात, आईचे हाल सांगत नाहीत.

दयाळू माणसाची फसगत तर याहून विचित्र. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटातील पिंजऱ्यांत पिल्ले वर्षानुवर्षे विकली गेली आणि त्यांतले मलूल पिल्लू ‘बिचाऱ्याची सुटका तरी होईल’ म्हणून विकत घेणारेही पुष्कळ निघाले. विक्रेत्याच्या वहीत मात्र दया आणि हौस यांची वेगवेगळी खाती नसतात. पिंजरा रिकामा झाला, की मागणी आली असे तो समजतो आणि कोठल्या तरी खोलीत त्या मादीला पुन्हा नर दाखविला जातो. अशा पिल्लासाठी तक्रार करावी, पैसे मोजू नयेत, हे ऐकावयास निष्ठुर वाटले तरी सांगणे भाग आहे.

कायदा नाही असे नव्हे. केंद्र सरकारने २०१७ मध्ये श्वान-प्रजनन व विक्रीचे नियम केले. प्रजनकाची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी, अठरा महिन्यांखालील मादीला गाभण न करणे, वर्षातून एकच वेत, आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू न विकणे, अशा अटी त्यांत आहेत. परंतु ज्या १९६० च्या कायद्याखाली हे नियम झाले, त्याने क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपये! एका पिल्लाला काही हजार रुपये येत असतील, तर या दंडाची भीती कोण बाळगणार? दंड वाढविणारा मसुदा २०२२ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला होता. मसुद्याने पिंजरे उघडत नाहीत.

इंग्लंडने निराळा मार्ग धरला. वेल्समधील अशाच एका कारखान्यातून २०१३ मध्ये सोडविलेल्या लुसी नावाच्या मादीच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे ६ एप्रिल २०२० पासून अमलात आला. सहा महिन्यांखालील पिल्लू दुकानदाराने वा दलालाने विकावयाचे नाही. ते घ्यावयाचे तर प्रजनकाकडून किंवा प्राण्यांच्या आश्रयगृहातून. शिवाय प्रजनकाने पिल्लू त्याच्या आईसह, जन्मस्थळीच दाखविले पाहिजे.

आपल्याकडच्या गिऱ्हाइकाला हे करण्यास कायद्याची वाट पाहावी लागत नाही. पिल्लाची आई त्याच जागी पाहावयास मागावी, नोंदणी क्रमांक व लसीकरणाची वही पाहावी. ‘तुम्ही कशाला त्रास घेता, स्टेशनवर आणून देतो’ असे उत्तर आले, तर बोलणे तेथेच थांबवावे. विदर्भाच्या उन्हात हस्की पाळण्याचा हट्ट तर मुळातच सोडलेला बरा. ज्यांना जातीचा अट्टहास नाही, त्यांच्यासाठी गावठी पिल्ले आश्रयगृहांत आहेतच. पशुकल्याण मंडळानेही नोंदणीकृत प्रजनकांची यादी प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या फलकावर लावावी. त्याला नवा कायदा नको, की अंदाजपत्रकात निराळी तरतूदही नको.