साठ शिपाई आणि एक कुंचला

आमच्या महाविद्यालयात एक समज फार घट्ट रुजला आहे. एकच चित्र महिनाभर रंगवतो तो कलावंत, आणि एकसारख्या पन्नास वस्तू रंगवतो तो कामगार! गेल्या मे महिन्यापर्यंत मीही याच मताचा होतो.

माझा मामेभाऊ नॉटिंगहॅमला शिकतो. तिथे त्याला 'वॉरहॅमर 40,000' या खेळाचा नाद लागला. 1987 साली निघालेला हा खेळ टेबलावर सैन्य मांडून, फासे आणि मोजपट्टी घेऊन खेळतात. सैन्य मात्र ज्याचे त्याने जोडायचे आणि रंगवायचे. 2020 च्या आवृत्तीने तर 100 पैकी 10 गुण सैन्य रंगवलेले असण्यालाच दिले. सुटीत स्वारी पेणला आमच्या आजोळी आली ती साठ प्लास्टिकच्या शिपायांचे सुटे भाग घेऊनच. परत गेल्यावर लगेच स्पर्धा होती.

"दादा, तीन रंग फासले की दहा गुण खिशात," तो म्हणाला. मला राग आला. कलेची अशी विटंबना? मी एक शिपाई उचलला आणि सव्वा इंचाच्या त्या पुतळीवर अख्खी दुपार घालवली. आजोबा कारखान्यातून डोकावले. "अरे, असे साठ करायचे म्हणजे गणपती येऊन विसर्जनही होईल!"

मग त्यांच्याच पद्धतीने दहा-दहांची रांग लावली. पहिल्या दहांच्या छातीवर बंदुका आधीच चिकटवल्या, ही चूक माझी. मागे कुंचलाच पोचेना. पुढच्यांच्या बंदुका सुट्या रंगवल्या. साच्याची कड खरवडायची, शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, अस्तराचा रंग फवारायचा. कोकणातल्या दमट हवेत फवारा पिठासारखा खरखरीत बसतो, म्हणून कोरडी वेळ साधायची. मग दहांचे अंगरखे, दहांचे पट्टे, दहांचे बूट. शेवटी घड्यांत उतरणारा पातळ काळा हात. दहाव्याला तो लागेपर्यंत पहिला वाळत आलेला असे.

तिसऱ्या रांगेला माझ्या ध्यानात आले की पट्ट्याची रेघ आता एका ओढीत येते. दुपारभर गिरवलेला पहिला शिपाई यांच्याशेजारी लिंपल्यासारखा दिसत होता. वर्गात शंभर रेखाटने करायला लावतात तेव्हा त्याला हमाली कोणी म्हणत नाही. मग या रांगेलाच का म्हणावे?

परंतु रांगेलाही मर्यादा आहे, हे त्याच कारखान्यात दिसते. गणपतीचे अंग, पितांबर चार हात रंगवतात. डोळ्यांची आखणी मात्र आजोबा एकटे करतात, एकेका मूर्तीसमोर बसून. आम्हीही सहा सरदारांचे चेहरे वेगळे काढून रंगवले. बाकीच्यांना डोळे दिलेच नाहीत. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, हे भावाचे म्हणणे मला अखेर मान्य करावे लागले.

दहा गुणांचा नियम चांगला खेळणाऱ्या पण कुंचल्याला भिणाऱ्या खेळाडूवर थोडा अन्याय करतो, हे खरे. तरी तो असावा, असे माझे मत. त्या नियमाच्या धाकानेच तर आमचा भाऊ प्रथम कुंचला धरून बसला, आणि शेवटची रांग त्याने एकट्याने पुरी केली.

स्पर्धेत तो बहुतेक सामने हरला. रंगाचे दहा गुण तेवढे प्रत्येक वेळी मिळाले. माझा तो पहिला शिपाई त्याने नेला नाही. आजोबांच्या फळीवर, न रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत तो अजून उभा आहे.