ताप मोजला, नाडीचे काय?

पावसाळा ओसरू लागला की नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, वडगाव निंबाळकरसारख्या गावांतही, तापाचे रुग्ण वाढतात. घरोघरी थर्मामीटर लावला जातो, ‘एकशे दोन आहे’ असे डॉक्टरांना सांगितले जाते. नाडी मात्र घरी कोणी मोजत नाही. ही सवय बदलायला हवी.

तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले, की नाडीचे ठोके मिनिटाला साधारण आठ ते दहाने वाढतात. काही आजारांत मात्र ताप चढतो, पण ठोके त्या मानाने वाढत नाहीत. एकोणिसाव्या शतकात फाजे या डॉक्टरांनी पीतज्वरात हे लक्षण नोंदवले. टायफॉईड, डेंग्यू आणि कोविडच्या काही रुग्णांतही ते दिसते. केवळ त्यावरून निदान होत नाही, रक्ततपासणी लागतेच. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही ठोके कमी राहतात.

खरा धोका पुढे असतो. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो. घरच्यांना हायसे वाटते, माणूस उसाच्या शेतात परततो. पण काही रुग्णांत याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो. तेव्हा ताप नसतानाही नाडी जलद आणि क्षीण होते, हातपाय गार पडतात. सोबत पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव किंवा गुंगी असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. थर्मामीटर या वेळी खोटा दिलासा देतो. नाडी खरे सांगते.

कोविडच्या काळात अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. त्यावर ऑक्सिजनशेजारी नाडीचा आकडाही दिसतो, पण तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. यंत्र नसेल तर मनगटावर तीन बोटे आणि मिनिटभर घड्याळ पुरेसे आहे. आशा सेविकांच्या तापाच्या नोंदवहीत नाडीचा एक रकाना हवा, आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसही तो भरला जावा.

पुणे जिल्ह्याला विषाणू नवे नाहीत. राज्यातील पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदरमधील बेलसर गावातच सापडला. पाण्याची पिंपे कोरडी करणे हा पहिला उपाय आहेच. पण आजारी माणसाच्या उशाशी बसणाऱ्याने कपाळाबरोबर मनगटालाही हात लावावा.