‘पोहण्यास मनाई’ लिहून जीव वाचत नाही

उन्हाळा लागला की वस्तीतली पोरं तलावात, खाणीच्या पाण्यात पोहायला जातात. काठावर पाटी असते, ‘पोहण्यास सक्त मनाई आहे.’ बुडणाऱ्याला कसं वाचवावं, हे ती पाटी शिकवत नाही. एकजण बुडतो, दुसरा त्याला वाचवायला उडी मारतो आणि दोघंही जातात.

म्हणून आपला तक्ता आपणच बनवू या. चार चित्रं पुरेत. पहिलं : उडी मारू नका, दोर, साडी, काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन टाका. दुसरं : १०८ ला फोन. तिसरं : बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. चौथं : श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्या. मग ३० वेळा छाती दाबा, २ श्वास द्या. मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा.

छापण्याआधी तक्ता पोरांना दाखवा. ‘काय समजलं?’ विचारा. चुकीचं सांगितलं तर चित्र बदला, पोरांना बोल लावू नका. नंतर विहारात वंदना झाल्यावर दोर फेकण्याचा, छाती दाबण्याचा सराव जाणकाराकडून करून घ्या.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याच्या हक्कासाठी सत्याग्रह केला. त्या पाण्यात आपलं लेकरू बुडू नये, हे पाहणं आपलं काम. जय भीम!