तिखट बदनाम, मीठ मोकाट

कोल्हापुरात कुणाचं बीपी वाढलं की पहिला आळ येतो तिखटावर. कांदा-लसूण चटणीची बरणी वरच्या फळीवर जाते, तांबड्या रश्श्याला बंदी होते आणि पांढरा रस्सा मात्र 'सौम्य' म्हणून वाटीवर वाटी चालू राहतो. हा न्याय उफराटा आहे. मिरचीनं रक्तदाबाचा विकार जडतो असं वैद्यक सांगत नाही. ते बोट दाखवतं मिठाकडे, आणि मीठ पांढऱ्यातही असतंच.

मिसळीची थाळी जरा निरखून बघा. कटात मीठ, फरसाणात मीठ, ब्रेडच्या स्लाइसमध्येही मीठ, आणि जाळ शमवायला मागवलेल्या मठ्ठ्यातही मीठ. तिखट डोळ्यांत पाणी आणतं म्हणून सापडतं. मीठ गुपचूप निसटतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर. चौघांच्या घराला महिन्याला 600 ग्रॅम झाले. तुमच्याकडे किलोचा पुडा किती दिवस पुरतो? बेकरीचं आणि हॉटेलातलं मीठ तर त्या पुड्यात धरलेलंच नाही.

"मग सैंधव खातो की!" हे ठरलेलं उत्तर. सैंधव म्हणजे बहुतांशी सोडियम क्लोराईडच. रंग गुलाबी झाला म्हणून गुण बदलत नाही. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाची गोष्ट वेगळी. चीनच्या 600 खेड्यांतल्या प्रयोगात त्यानं पक्षाघाताचं प्रमाण घटल्याचं 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. मात्र मूत्रपिंडं अधू असतील किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दुसरा हुकमी पुरावा आज्ज्याचा. "आमचा आज्जा रस्सा वरपत नव्वदीला पोचला!" पोचला असेल. पण तो दिवसभर नांगरामागं चालायचा, तालमीत घाम गाळायचा. नातू गाडीवरून रंकाळ्याला जातो, गप्पा मारत निम्मी फेरी काढतो आणि परतताना मिसळीसाठी गाडी वळवतो. शिवाय पन्नाशीतच अंगावरून वारं गेलेला शेजारचा म्हातारा कुणी दाखल्याला घेत नाही. त्याचं बीपी तेव्हा मोजलंय कुणी?

तिसरा पक्ष अधिक घातक: "गोळी एकदा लागली की सुटत नाही, त्यापेक्षा पथ्यानं बरं करतो." पथ्याला गुण आहे, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतल्या 'डॅश' आहाराच्या 2001 च्या अभ्यासात भाज्या, फळं, कमी सायीचं दूध आणि कमी मीठ यांनी बीपीवाल्यांचा वरचा आकडा सरासरी 11 ने उतरला. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ आणि बिनमिठाचं ताक यातून त्याच वाटेनं जाता येतं. वजन घटवणं, दारू सोडणं, रोज अर्धा तास झपझप चालणं यानंही आकडा हलतो. पण 170 वर गेलेल्याला 11 पुरत नाहीत. अशा वेळी गोळी हवीच, आणि ती सुटत नाही याचं कारण व्यसन नव्हे. आजारच मुक्कामाला आलेला असतो.

गोळी परकी आणि जडीबुटी आपली, हा वादही फोल आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांवर मोजून 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. मोजलं, म्हणून जगानं ऐकलं.

तेव्हा चटणीची बरणी खाली काढा, फक्त ती कुटताना मिठाचा हात आखडा. लसूण, लिंबू, कोथिंबीर सढळ घाला. काही आठवड्यांत जीभ सरावते. गोळी कमी करायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील, आणि तेही घरी पाच मिनिटं शांत बसून घेतलेले आकडे बघून. रंकाळ्याच्या फेऱ्या ऐकून नव्हे.